चोरलेल्या पेटीचं जुनं कुलूप

सोमवारी संध्याकाळी साडेसहाला तो मेल आला. मी भजी खात होते. हातातलं भजं हातातच राहिलं.

‘प्रिय सुमन, ‘कप्पा’ ॲपच्या साठवणीतून काही ग्राहकांच्या फायलींच्या प्रती चोरीला गेल्या आहेत, हे कळवण्यास खेद होतो. आपल्या दोन फायलींचा त्यात समावेश आहे. मात्र सर्व फायली कुलूपबंद असल्यामुळे त्या कोणालाही वाचता येणार नाहीत. चिंतेचे काहीही कारण नाही.’

मेल सुमनताईच्या नावाचा होता, पण आला माझ्याकडे. कारण सुमनताईला ईमेलच नाही. ॲप चालू करून देताना मीच म्हणाले होते, “राहू दे ताई, माझा टाकते, काय फरक पडतो?” आमच्या मजल्यावर सहा खोल्या आणि सहा खोल्यांत मिळून एक ईमेल, तो माझा. कुणाचं गॅसचं बुकिंग, कुणाचं आधार, कुणाच्या पोराचा शाळेचा फॉर्म, सगळं माझ्याकडे येतं. मला त्याचा भारी अभिमान होता. आता त्याच अभिमानामुळे अशी वेळ आली होती की ॲपवाले सोडले तर चोरी झाल्याचं दोघांनाच ठाऊक होतं, चोराला आणि मला.

मी करिष्मा. पुण्याजवळ मोशीत राहते, दहावी ब. आठवीपर्यंत मी वर्गात तोंड उघडत नव्हते, हजेरी देतानासुद्धा घसा बसायचा. मग नववीत एकदा सरांनी फळ्यावर गणित चुकवलं आणि मी उभी राहून म्हणाले, “सर, तिथं वजा पाहिजे.” सरांनी बघितलं, वजा केलं, आणि म्हणाले, “शाब्बास.” बस्स! तेव्हापासून मी थांबलेलीच नाही. आई म्हणते, ही पोरगी नाही, कंपनीचा भोंगा आहे.

सुमनताई आमच्या शेजारच्या खोलीत राहते. मूळची लातूरकडची. नवरा पाच वर्षांपूर्वी वारला, आता ती आणि तिची पिंकी, दोघीच. पिंकी सहावीला आहे. सुमनताई चाकणला गाड्यांच्या वायरी बांधायच्या कंपनीत जाते. त्या कंपनीत बायकांना आरपार दिसणारी प्लॅस्टिकची पिशवी न्यावी लागते, म्हणजे कुणी माल पळवू नये. डबा, बाटली, कंगवा, जे काय असेल ते गेटवरच्या बाईला बाहेरूनच दिसतं. आणि महिन्यातून एकदा सुमनताईला पहिल्या पाळीवरून सुटून तसंच सरकारी दवाखान्यात जावं लागायचं. म्हणजे दवाखान्याची फाइल त्याच पिशवीत. ती फाइल वर्तमानपत्रात गुंडाळायची. गेटवरची बाई हटकून विचारायची, “काय गं सुमन, रोज पेपर वाचती का आत बसून? का पेपरात कुणाची चिठ्ठी?” मागची रांग हसायची. सुमनताईही हसायची. पण हे मला सांगताना ती हसली नव्हती.

म्हणून जूनमध्ये एका गुरुवारी तिनं मला घरात बोलावलं, दार लोटलं आणि विचारलं, “करिष्मा, मोबाइलात कागद ठेवता येतात म्हणं?”

“येतात की! कुलूप लावून ठेवता येतात.”

“मग ह्याचे फोटो काढ. पण वाचू नकोस बग.”

मी फोटो काढले. आणि वाचलं. आता कागदावर कॅमेरा नीट धरायचा तर डोळे कुठं ठेवणार? पहिल्या फायलीवर सुमनताईचं नाव होतं, दुसरीवर पिंकीचं. दोन्हीत आजाराच्या रकान्यात एकच होतं, एचआयव्ही.

पिंकीला जन्मापासून आहे. आणि पिंकीला हे माहीत नाही. ती रोज जी गोळी घेते ती रक्तवाढीची, असं तिला सांगून ठेवलंय. मजल्यावर कुणालाच माहीत नाही. रोज गोळी घेतली की माणूस म्हातारं होईपर्यंत नीट जगतं, एका ताटात जेवून कुणाला काही होत नाही, हे मी त्याच आठवड्यात शोधून शोधून वाचलं. पण घरमालकानं ते वाचलेलं नाही. कंपनीतल्या डब्याच्या टेबलानं वाचलेलं नाही. पिंकीच्या वर्गातल्या मुलींच्या आयांनी तर नाहीच नाही.

फोटो चढले, पासवर्ड लागला, आणि मी छाती पुढं काढून म्हणाले, “ताई, आता सूर्य विझला तरी हे कुणाला उघडायचं नाही.”

हे वाक्य माझं. मेलमधलं नाही, जाहिरातीतलं नाही. माझं.

आणि गंमत बघा, डिसेंबरमध्ये विज्ञान प्रदर्शनात मीच स्टेजवर उभी राहून नेमकं याच्या उलट सांगितलं होतं. विषय ‘क्वांटम संगणक आणि उद्याची कुलपं’. मी परीक्षकांना म्हणाले, “सर, एकसष्ट गुणिले त्रेपन्न करा.” त्यांनी केलं, ३२३३. मग मी दुसऱ्या परीक्षकबाईंना विचारलं, “मॅडम, तुम्ही उलटं करा. ३२३३ कुठल्या दोन संख्यांचा गुणाकार, ते पहिल्या सरांना न विचारता सांगा.” त्या डोकं खाजवत बसल्या आणि लोक हसले. मग मी समजावलं, की फाइल एका किल्लीनं बंद करतात आणि ती किल्ली दुसऱ्या कुलपात ठेवतात. ते दुसरं कुलूप अशाच गुणाकारावर चालतं, फक्त संख्या सहाशे आकड्यांची असते. आजचे सगळे संगणक जुंपले तरी तिचा गुणाकार उलगडत नाही. पण क्वांटम संगणकाची गणित करायची रीतच वेगळी आहे. तो पुरेसा मोठा बनला, तर हेच काम काही तासांत, फार तर काही दिवसांत. तसा मोठा अजून बनलेला नाही. “पण मित्रहो,” मी हात उंचावला होता, देवाशपथ, उंचावला होता, “हुशार चोर थांबत नाही! तो आज बंद पेटी चोरतो, घरी नेऊन ठेवतो, आणि किल्ली बनायची वाट बघतो!”

टाळ्या. दुसरा नंबर. स्टीलचा डबा आणि प्रमाणपत्र.

टाळ्या वाजत होत्या तेव्हा सुमनताईच्या फायली त्याच ॲपमध्ये पडून होत्या आणि माझ्या डोक्यात हे दोन तुकडे एकदाही जोडले गेले नव्हते. सोमवारी भजं हातात धरून ते जोडले गेले.

मी मेल कचऱ्यात टाकला. खरंच टाकला. पाच मिनिटांनी परत काढला. पुन्हा टाकला. आई स्वयंपाकघरातून ओरडली, “अगं, त्या मोबाइलला काय कणीक मळल्यासारखं करतीयेस?”

“काही नाही!”

“काही नाही म्हणताना आवाज कसा चिरकतो तुझा?”

मंगळवारी संध्याकाळी बघते तर पिंकी वही घेऊन आमच्या दारात बसलेली. मी तिला गणित शिकवते. अपूर्णांक चालले होते. ती बोलायला लागली की माझ्याही पुढं.

“दीदी, मी पोलीस होणारे. आज ठरलं.”

“परवा तर डॉक्टर होणार होतीस.”

“डॉक्टरला इंजेक्शन द्यावं लागतं. पोलिसाला फक्त पळावं लागतं. आज खो-खोत मला कुण्णी पकडलं नाही, नेहाचा तर बूटच सुटला! दीदी, पोलिसात घेताना काय काय तपासतात गं?”

मी खोडरबर शोधायला लागले. ते माझ्या हातातच होतं.

“उंची तपासतात,” मी म्हणाले. “छेद समान कर आधी.”

ती मान खाली घालून छेद समान करत होती आणि मी तिच्या भांगाकडे बघत होते. आज ती अकराची. दहा वर्षांनी एकवीस. कुठल्या तरी देशात, कुठल्या तरी खोलीत एक यंत्र चालू होईल, लाखो पेट्या उघडतील, आणि त्यात एक हिची. मग तो माणूस काय करेल? विकेल? हिला फोन करून धमकावेल? का नुसती यादी इंटरनेटवर टाकून देईल, नाव, गाव, आजार, जन्मतारीख? हिच्या नोकरीच्या ठिकाणी कुणीतरी सहज नाव शोधेल. आणि हिला स्वतःबद्दलची ही गोष्ट एखाद्या परक्याकडून कळेल.

“दीदी, अशी का बघतीयेस? चुकलं का?”

“नाही. बरोबर आहे.”

“मग बरोबरची खूण कर ना.”

मी खूण केली आणि पुढचं गणित घातलं.

बुधवारी संध्याकाळी मी दिग्विजयदादाला फोन केला. दादा माझा मावसभाऊ. हिंजवडीत एका कंपनीत संगणकाच्या सुरक्षेचं काम करतो. प्रदर्शनाच्या वेळी त्यानंच मला सगळं शिकवलं होतं. तो कॅबमध्ये होता आणि कॅब नेहमीप्रमाणे ट्रॅफिकमध्ये उभी होती.

“बोला, शास्त्रज्ञ!”

“दादा, समज एखाद्याची बंद पेटी चोरीला गेली. आपण आपल्याकडची फाइल डिलीट केली तर?”

“तर तुझ्याकडची जाईल. त्याच्याकडची कशी जाईल?”

“पासवर्ड बदलला तर?”

“करिष्मा, तूच स्टेजवर सांगितलंस ना? नवं कुलूप नव्या पेटीला लागतं. चोरलेल्या पेटीला जुनंच कुलूप राहणार. क्वांटमपुढं टिकणारी नवी कुलपं आली आहेत, आम्ही वर्षभर तेच बसवतोय. पण ती इथून पुढच्या सामानासाठी.” मागे हॉर्नचा गोंगाट झाला. “कुणाचं काय गेलंय?”

“कुणाचं नाही. समज म्हटलं ना. दादा, किती वर्षं लागतील रे तसं यंत्र बनायला?”

“कुणी दहा म्हणतं, कुणी वीस, कुणी म्हणतं जमणारच नाही. मी तारीख देणार नाही. आणि हे बघ, चोराला लाखो फायलींतली हीच पाहिजे असेल असंही नाही. पण पेटीत काय आहे त्यावर सगळं आहे बाळा. ओटीपी असेल तर तो दोन मिनिटांत शिळा होतो. पाच वर्षांपूर्वीचा घरभाड्याचा करार कोण वाचणार? पण काही गोष्टी शिळ्या होत नाहीत.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“करिष्मा? तू गप्प आहेस म्हणजे नक्की काहीतरी झालंय. ज्याची पेटी आहे त्याला सांगितलंस का?”

“नाही.”

“का?”

“मी त्याला सांगितलं होतं, सूर्य विझला तरी उघडणार नाही.”

दादा हसला नाही. तो हसला असता तर बरं झालं असतं. “सांग,” तो म्हणाला. “त्याचं आहे ते. घाबरायचं असेल तर घाबरायचा हक्कही त्याचाच.”

गुरुवारी आमच्याकडे कंपन्यांना सुट्टी. मी सकाळची शाळा करून साडेबाराला घरी आले, दप्तर टाकलं आणि सरळ सुमनताईच्या दारात गेले. पिंकीची शाळा पाचपर्यंत. सुमनताई खाली बसून आठवड्याचे गणवेश घडी करत होती, कंपनीचे निळे एकीकडे, पिंकीचे चौकडीचे एकीकडे.

“ये की. जेवलीस का?”

मी आत गेले आणि दाराची कडी लावली. तिनं मान वर केली. त्या कडीच्या आवाजानं तिचा चेहरा जो बदलला, तो मला अजून दिसतो.

मी बोलायला तोंड उघडलं आणि आवाजच येईना. आठवीतल्यासारखं.

“ताई, ते फोटो... चोरीला गेले.”

तिच्या हातातली घडी अर्धी राहिली.

“कुणी बघितले?”

“कुणी नाही. अजून तरी नाही. कुलूप आहे. पण पेटीच नेलीये.”

“तू तर म्हणलीस सूर्य विझला तरी उघडायचं नाही.”

“मी चुकले.”

“तुला कुणी सांगितलं होतं गं सूर्याचं?” ती एकदम वसकली. “मी इचारलं होतं का सूर्याचं? मी इचारलं होतं कागद ठेवता येतात का. एवढंच इचारलं होतं ना मी?”

“हो.”

“मग?”

मी रडायला लागले तर ती म्हणाली, “रडू नकोस. कशाला रडायलीस, तुझं नाव हाय का त्याच्यात?” मी रडणं गिळलं. मग मी तिला सगळं सांगितलं. मेल, मोठ्या संख्या, अजून न बनलेलं यंत्र, वाट बघणारा चोर. हात वर न करता, खाली बघून, हळू हळू. मधे तिनं दोनच प्रश्न विचारले. पहिला, “त्याच्याकडून परत मागता येतं का?” मी नाही म्हणाले. दुसरा, “मग किती वर्षं?”

“कुणी दहा म्हणतं. कुणी वीस. कदाचित कधीच नाही.”

“दहा धर,” ती म्हणाली. “पिंकी एकवीस.”

म्हणजे तिनंही तेच गणित केलं. मला एक दिवस लागला होता, तिनं एका दमात केलं.

मग तिनं पिंकीच्या गणवेशांचा ढीग मांडीशी ओढला. खालून टेम्पोवाल्याचा भोंगा ऐकू येत होता, भंगार, लोखंड, जुने पंखे. मला वाटलं आता ती म्हणेल, चालती हो. मला वाटलं ती उद्याच खोली सोडून जाईल. मी मनात वाक्यं जुळवत होते आणि एकही पुरं होत नव्हतं.

“तू वाचलं होतंस ना?” तिनं विचारलं.

“हो.”

“मला ठाऊक होतं. इतकी चोंबडी पोरगी वाचल्याबिगर राहते का?” पण आवाजात आता धार नव्हती. तिनं अर्धी राहिलेली घडी पुरी केली. “दवाखान्यातल्या मॅडम दोन वर्षं झाले मागं लागल्यात. पोरगी नऊची झाली, आता तिला सांगा. तुम्ही नाही सांगितलं तर दुसरीकडून कळेल, आणि मग ती गोळी फेकून देईल, तुमच्यावर इश्वास ठेवणार नाही. मी दर खेपेला म्हणायची, पुढच्या महिन्यात सांगते. पुढच्या महिन्यात परीक्षा. त्याच्या पुढं दिवाळी. मला वाटायचं, लपलंय तोवर लपू दे. लपलेलंच राहील म्हणून बसले होते मी.”

“ताई, कदाचित कधीच उघडणार नाही ते.”

“आन उघडलं तर?” तिनं माझ्याकडे बघितलं. “कुणीतरी परका माणूस माझ्या पोरीला सांगणार, तुझ्या रक्तात काय हाय ते? माझ्या आधी?”

दुपारभर मी तिच्याबरोबर घड्या घालत बसले. सव्वापाचला पिंकीची चप्पल जिन्यात वाजली. मी उठले. “मी जाते ताई.”

“कुठं चाललीस? बस हितंच.”

“ताई, मी नको...”

“मला यंत्राचं सांगता येणार नाही. आजाराचं मी सांगते, चोराचं तू सांग. बस.”

मी बसले. मला कधीच इतकी भीती वाटली नव्हती. बोर्डाची नाही, स्टेजची नाही.

पिंकी आत आली, दप्तर फेकलं, आम्हा दोघींकडे बघितलं. “कोण मेलं?”

“कुणी नाही. हात धुऊन ये,” सुमनताई म्हणाली. “आन माझ्याजवळ बस.”

तिनं सांगितलं. लांबण लावली नाही. गोळी रक्तवाढीची नाही. आजाराचं नाव हे. मला होता, पोटात असताना तुला आला. तुझी चूक नाही. गोळी घेतलीस तर पळशील, शिकशील, म्हातारी होशील. सांगताना तिनं पिंकीचं मनगट धरून ठेवलं होतं, इतकं घट्ट की बांगडी रुतली होती, आणि पिंकीनं हात सोडवून घेतला नाही.

पिंकी रडली नाही. तिनं भिंतीकडे बघितलं, मग आईकडे, मग माझ्याकडे. तिचे डोळे इतके मोठे झाले होते की मला बघवेना.

“हे कुणाकुणाला माहितीये?” तिनं विचारलं.

“मला,” सुमनताई म्हणाली. “दवाखान्यातल्या मॅडमला. करिष्माला.”

“आणखी?”

सुमनताईनं माझ्याकडे बघितलं. आता माझी पाळी होती. मला दोन महिन्यांपूर्वी स्टेजवर म्हटलेलं एकेक वाक्य पाठ होतं आणि त्यातलं एकही इथं चालणारं नव्हतं.

“आणखी एक जण आहे,” मी म्हणाले. “माझ्या चुकीमुळे. कोण ते आपल्याला माहीत नाही. त्याच्याकडे तुझे कागद आहेत, पण ते त्याला वाचता येत नाहीत.”

“कधी येतील वाचता?”

“माहीत नाही. तू मोठी झाल्यावर कदाचित. कदाचित कधीच नाही.”

ती विचार करत राहिली. खालचा ओठ दातांत धरून, छेद समान करताना धरते तसा. मग तिनं अगदी बारीक आवाजात विचारलं, “म्हणजे माझ्याबद्दलचं मला आधी कळलं की त्याला?”

“तुला,” मी म्हणाले. “तुला आधी.”

ती आईच्या कुशीत सरकली आणि तिनं तोंड लपवलं. आता तिची पाठ हलायला लागली. सुमनताईनं मला खुणेनंच सांगितलं, जा आता. मी दार हळूच ओढून घेतलं आणि बाहेर कठड्याला धरून उभी राहिले. चाकणकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग मोशीच्या चौकापर्यंत आली होती. आईनं आतून हाक मारली, “करिष्मा, कुठायस?” आणि मला ‘हजर’ एवढंसुद्धा म्हणता आलं नाही.